बोंडू आंबणारच, पण कुणासाठी?

फाल्गुन सरत आला की आमच्या रत्नागिरीकडच्या कातळावर एक वास पसरतो. गोडसर, थोडा आंबूस, थोडा नाकात झोंबणारा. परगावचा पाहुणा विचारतो, "कसला हो हा वास?" आपण सहज सांगतो, "काजूचा हंगाम आहे ना!" खरं म्हणजे तो वास काजूचा नसतोच. तो असतो झाडाखाली कुजत पडलेल्या बोंडांचा.

काजूचं झाड मूळचं ब्राझीलचं. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी ते आपल्या किनाऱ्यावर आणलं आणि ते इथे असं रुजलं की आता ते परकं वाटतच नाही. गंमत अशी की ज्याला आपण फळ म्हणतो ते बोंडू खरं फळ नाहीच. तो देठाचा फुगलेला भाग. खरं फळ म्हणजे खाली लोंबणारी बी. पण वजन बघाल तर बोंडू बीच्या सहा ते दहा पट. म्हणजे बागेतून एक पोतं बी घरी आली, तर मागे किती पोती बोंडं राहिली याचा हिशोब तुम्हीच करा, मैत्रिणींनो.

आणि हे काम करतं कोण? पहाटे उठून झाडाखाली वाकायचं, बोंडं गोळा करायची, पीळ देऊन बी वेगळी करायची, चिकाने काळे झालेले हात घेऊन घरी येऊन भाकऱ्या थापायच्या, हे सगळं बायकांचं. बी सुकली की व्यापाऱ्याकडे न्यायची ती मात्र घरातल्या पुरुषाने. दर तो ठरवतो, पैसे त्याच्या खिशात. राहिलेली बोंडं थोडी गुरांना, थोडी पोरांना मीठ लावून, बाकी मातीला. शहरातल्या मैत्रिणींना सांगते, बोंडू बाजारात का दिसत नाही, तर ते एका दिवसात उतरतं. सकाळी वेचलेलं दुसऱ्या सकाळी पाणी सोडतं. मग त्याचं जे व्हायचं ते होतं. ते आंबतं.

बैठकीतला प्रश्न

आमच्या महिला बचत गटाच्या बैठकीत गेल्या हंगामात याच बोंडांवरून वाद झाला. एक तरुण सून, बारावी शिकलेली, हिशोबाला पक्की, उभी राहून म्हणाली, "काकू, गोव्यात याच बोंडांवर घरं चालतात. आपण मातीत घालतो. आपण नाही का त्याची वाइन करून बाटल्या भरू शकत? मोबाइलवर सगळी कृती आहे."

बैठक एकदम गप्प. कारण आमच्या गटातल्या निम्म्या बायका कधी ना कधी दारूबंदीच्या मोर्चात चाललेल्या. मी स्वतः कित्येक वर्षं या कामात आहे. कोपऱ्यात बसलेल्या एका मावशी, ज्यांचा नवरा हातभट्टीच्या दारूने पन्नाशीच्या आत गेला, त्या एवढंच म्हणाल्या, "बाटली भरणारा हात बाईचा असला म्हणून काय ती दूध होते?"

दोघींचंही खरं होतं. त्या दिवशी ठराव काही झाला नाही. पण प्रश्न माझ्या डोक्यातून जाईना. मी मराठी वाङ्मय घेऊन बी. ए. झालेली बाई. रसायनशास्त्राचा आणि माझा संबंध लोणच्यापुरता. तरी ठरवलं, की आधी आंबणं म्हणजे काय ते तरी नीट समजून घ्यायचं.

आंबवणं तर आपलंच!

इडलीचं पीठ, आंबोळीचं पीठ, दही, आंबील. आंबवण्यात आपला हात कोण धरणार? थंडीत पीठ चुलीजवळ ठेवायचं, उन्हाळ्यात लवकर उचलायचं, हे आपल्याला कुणी शिकवलेलं नाही. फक्त दह्यात आणि इडलीच्या पिठात काम करतात ते मुख्यतः बॅक्टेरिया, ते आंबटपणा आणतात. पाव फुगवतं ते यीस्ट. फळाच्या रसात पडलं की हेच यीस्ट साखर खातं आणि तिची दोन वस्तूंत वाटणी करतं. साधारण अर्ध्या साखरेची दारू, अर्ध्या साखरेचा वायू. पावात तो वायू पाव फुगवून जातो आणि जी किंचित दारू होते ती भट्टीच्या आचेने उडते. रसात ती राहते. बोंडांच्या रसात शंभरात दहा-बारा भाग साखर असते, म्हणून तो पूर्ण आंबला तर पाच-सहा टक्क्यांचं पेय होतं. हे निसर्ग आपणहून करतो, कुणाला विचारत नाही. माडाची ताजी नीरा सूर्य वर आला की माडी होते, तीही याच न्यायाने.

ही विद्या मी शिस्तीत पाहिली ती मात्र साता समुद्रापार. माझी भाची इंग्लंडात लीड्सला असते. मध्यंतरी तिच्याकडे दोन महिने राहून आले, तेव्हा तिच्या नवऱ्याला वाढदिवसाला मित्रांनी एक खोकं दिलं होतं. घरी 'एल' बनवायचा संच. एल म्हणजे बिअरचाच एक जुना इंग्रजी प्रकार. खोक्यात होता एक डबा, त्यात काकवीसारखा काळा घट्ट अर्क. मोड आणलेल्या सातूचा तो अर्क, त्यातच हॉप नावाच्या वेलीच्या फुलांचा कडूपणा मिसळलेला. यीस्टची एक पुडी आणि माहितीचा कागद.

आमच्या जावईबापूंनी पहिलं काय केलं, तर दोन तास नुसती भांडी धुतली! बादली, पळी, नळी, झाकण, सगळं जंतुनाशक पाण्यातून काढलं. मी म्हटलं, "अहो, एवढी स्वच्छता तर आमच्याकडे लोणच्याच्या बरणीला करतात." ते हसून म्हणाले, "मावशी, तेच तर! निम्मं काम हेच आहे." मग अर्क गरम पाण्यात विरघळवला, किलोभर साखर घातली, गार पाणी ओतून तेवीस लिटर केलं, वरून यीस्ट भुरभुरलं आणि झाकण लावलं. झाकणावर एक वाकडी नळी, तिच्यात थोडं पाणी. आतला वायू बुडबुडत बाहेर जातो, बाहेरची हवा आत येत नाही. खोलीत अठरा ते वीस अंश उष्णता हवी. आठवडाभर ती बादली रात्रंदिवस बुडूक-बुडूक करत होती, घरात तान्हं मूल असल्यासारखं सगळ्यांचं लक्ष तिकडे.

पुढची पायरी बाटल्यांची, आणि खरी मेख तिथेच. बुडबुडे थांबले म्हणून लगेच बाटल्या भरायच्या नाहीत. हायड्रोमीटर नावाची एक काचेची नळी त्यात तरंगवतात. साखर जास्त असेल तर ती वर राहते, साखर संपत गेली की खाली बुडते. दोन दिवस लागोपाठ आकडा तोच आला, म्हणजे आंबणं संपलं. मग प्रत्येक बाटलीत जेमतेम अर्धा चमचा साखर, वर एल, आणि घट्ट बूच. ती चिमूटभर साखर बाटलीत आंबते आणि तिचाच फेस येतो. साखर जास्त पडली, किंवा आधीचं आंबणं अर्धवट असताना बूच लावलं, तर वायूला वाट मिळत नाही आणि बाटली फुटते. नुसती फुटत नाही, काचा बॉम्बसारख्या उडतात. आपल्याकडे कुणी आल्याचं आंबवलेलं सरबत किंवा असलं काही काचेच्या बाटलीत भरून उन्हाळ्यात ठेवत असेल तर हे ध्यानात असू द्या. एप्रिलमधल्या आपल्या बत्तीस-तेहेतीस अंशांत यीस्ट पिसाळल्यासारखं काम करतं. चवही बिघडते आणि बाटलीही.

चव कशी होती विचाराल, तर मी वासच घेतला, घोट नाही घेतला. पण एक पाहिलं. ती चाळीस बाटल्यांची उतरंड तीन आठवड्यांनी तयार झाली, शेजाऱ्यांना वाटली गेली, आणि त्या घरात त्यापायी कुणाचा आवाज चढला नाही.

कायदा काय म्हणतो?

मग हे आपल्याकडे का नाही? तर आपल्याकडे तो गुन्हा आहे. मोबाइलवर कृती आहे म्हणून काही ती कायदेशीर होत नाही. महाराष्ट्रात १९४९ चा दारूबंदी कायदा लागू आहे. परवान्याशिवाय दारू बनवणं, मग ती विकायची असो की घरी प्यायची, मना आहे. त्याच्याही मागे गेलात तर इंग्रजांचा १८७८ चा मुंबई अबकारी कायदा. त्याने माडी काढणं आणि दारू गाळणं परवान्याच्या आणि कराच्या कह्यात आवळलं. साहेबाला लोकांच्या तब्येतीची काळजी नव्हती, तिजोरीची होती. गंमत म्हणजे त्याच इंग्लंडात घरी बिअर बनवायला लागणारा परवाना १९६३ साली रद्द झाला, म्हणून आमचे जावईबापू निर्धास्त बादली मांडून बसले. अमेरिकेतही देशपातळीवर ही मोकळीक १९७८ च्या कायद्याने मिळाली.

आमच्या सूनबाईने गोव्याचं नाव काढलं होतं, तेही तपासून पाहिलं. तिथे बोंडं कोळंबीत, म्हणजे दगडी कुंडात, तुडवतात. शेवटी आपसूक निथळतो तो गोड रस म्हणजे नीरो. तुडवलेला रस काही दिवस आंबवतात आणि भाटीत, म्हणजे भट्टीच्या भांड्यात, उकळून वाफ थंड करतात. पहिल्या खेपेचा हुर्राक, पुन्हा गाळली की फेणी. काजूच्या फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, २०१६ मध्ये गोवा सरकारने तिला वारसा पेयाचा मान दिला. पण तिथेही हे कुणीही उठून करत नाही. भट्टीला परवाना लागतो, कर भरावा लागतो. नदीच्या अलीकडे कुजतं ते बोंडू पलीकडे वारसा होतं, यात बोंडाचा गुण नाही. फरक आहे तो नियमाचा आणि नियम राबवणाऱ्या व्यवस्थेचा.

मावशींचं उत्तर

आता दुसरी बाजू. ती मी विसरू शकत नाही, कारण ती मी पुस्तकात वाचलेली नाही. काळा गूळ आणि नवसागराची हातभट्टी ज्या वाडीत शिरते, त्या वाडीतल्या बायकांच्या पाठी मी पाहिल्यात. २०१५ च्या जूनमध्ये मुंबईत मालवणी भागात विषारी दारूने शंभरावर माणसं गेली. ती आंबवलेल्या फळाने मेली नव्हती. दारूत कारखान्यातलं मिथेनॉल मिसळलेलं होतं. मरणारे हातावर पोट असलेले, आणि मागे राहिल्या त्या बायका. म्हणूनच आपल्या राज्यात २००८ पासून गावातल्या बायकांच्या हाती एक मोठं हत्यार आलं. पंचवीस टक्के महिला मतदारांनी मागणी केली की गुप्त मतदान होतं. चिठ्ठीवर एक उभी बाटली, एक आडवी बाटली. एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून अधिक बायकांनी आडव्या बाटलीवर शिक्का मारला तर दुकान बंद. नुसत्या मतदानाला आलेल्यांपैकी निम्म्या नव्हेत हं, यादीतल्या एकूण बायकांपैकी. म्हणून घरोघर जाऊन एकेकीला बाहेर काढावं लागतं.

या हत्यारावर माझा विश्वास आहे आणि राहील. म्हणून गटाच्या पुढच्या बैठकीत मी स्पष्ट सांगितलं, की चोरून एक थेंबही आंबवायचा नाही. एकदा का घरात पिंप मांडलं की ते बाईच्या ताब्यात राहत नाही. पहिल्या आठवड्यात ते गटाचं असतं, दुसऱ्या आठवड्यात नवऱ्याच्या मित्रांचं. आणि पोलीस आले तर नाव मात्र बाईचं लागतं.

पण सूनबाईचा मुद्दाही सोडून द्यायचा नव्हता. तिचा मुद्दा दारूचा नव्हताच. तिचं म्हणणं होतं, आपण वेचलेल्या वस्तूचे पैसे आपल्याला का मिळू नयेत?

मग केलं काय?

आंबण्याच्या आधीच बोंडू पकडायचं, असं ठरलं. बोंडात क जीवनसत्त्व संत्र्याच्या चार-पाच पट. अडचण एकच, घसा खवखवतो. ते टॅनिनमुळे. त्यावरचा उपाय ऐकून तर आम्ही सगळ्या हसलो, कारण तो आपल्या एकादशीच्या डब्यात निघाला. केरळ कृषी विद्यापीठाने साबुदाण्याची पद्धत रुळवली आहे. लिटरभर रसाला साधारण पाच ग्रॅम साबुदाण्याची पूड, थोड्या पाण्यात शिजवून पेज करायची, गार करून रसात ढवळायची. टॅनिन त्या पेजेला चिकटून तळाशी बसतं. वरचा निवळ रस हलक्या हाताने ओतून घ्यायचा.

सरबताचा पाक असा. बोंडं त्याच दिवशी वेचलेली, न फुटलेली, मातीला न लागलेली घ्यायची. स्वच्छ धुऊन रस काढायचा, फडक्यातून गाळायचा, साबुदाण्याने निवळायचा. निवळायला ठेवलेला रस गार जागी, शक्यतो फ्रीजमध्ये ठेवायचा, नाहीतर तोही आंबायला लागतो. लिटरभर रसाला दीड किलोहून थोडी जास्त साखर आणि पंधरा-वीस ग्रॅम सायट्रिक अॅसिड. साखर विरघळेपर्यंत गरम करायचं, खळखळा उकळायचं नाही. उकळत्या पाण्यातून काढलेल्या, गरम असलेल्या बाटल्यांत गरमच भरायचं. विकायचं असेल तर अन्न सुरक्षा नोंदणी हवीच, आणि टिकवण्याचं रसायन घातलं तर ठरलेल्या मर्यादेत, लेबलवर लिहून. आपल्या दापोलीला १९७२ पासून कृषी विद्यापीठ आहे, वेंगुर्ल्याचं फळ संशोधन केंद्र तर त्याच्याही आधीचं, १९५७ चं. वेंगुर्ला-४ आणि वेंगुर्ला-७ या जाती तिथल्याच. शंका असेल तर अशा ठिकाणी विचारावं, मोबाइलला नव्हे.

पहिल्या हंगामात आमच्या साठ बाटल्या झाल्या. सगळ्या खपल्या. श्रीमंत कुणी झालं नाही. पण पैसे गटाच्या खात्यात जमा झाले, बायकांच्या सहीने निघाले. मावशींनी आपल्या वाट्यातून स्वतःसाठी चष्मा केला. "आयुष्यात पहिल्यांदा बोंडाचे पैसे बघितले," म्हणाल्या.

पुढचा विचार व्हिनेगरचा आहे. रस आधी आंबतो, मग तोंडाला फडकं बांधून हवा लागू दिली की दुसरे जंतू त्यातल्या दारूचं शिर्क्यात रूपांतर करतात. पण मधल्या टप्प्यात दारू होते, म्हणून हात घालण्याआधी आम्ही संबंधित खात्याला लेखी विचारलं आहे. उत्तर हाती येईपर्यंत पिंप मांडायचं नाही, हा ठराव आहे.

आणि उद्या आपल्या तालुक्यात कुणी रीतसर परवाना घेऊन बोंडांच्या वाइनचा कारखाना काढलाच तर? २०२२ च्या जानेवारीत सुपरमार्केटमध्ये वाइन विकू देण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने घेतला तेव्हा शेतकऱ्याचं भलं होईल असं सांगितलं गेलं, विरोधही जोरात झाला. त्या सगळ्या गदारोळात शेतकरी म्हणजे सातबाऱ्यावर नाव असलेला पुरुष, हे सगळ्यांनी गृहीत धरलं होतं. वेचणाऱ्या बाईचं नाव कुणी काढलं नाही. म्हणून माझं म्हणणं इतकंच. तसा कारखाना आला तर तो असावा की नसावा यावर आपण बायकांनी ग्रामसभेत बोलायचं. आला तर बोंडांचा किलोमागे दर वेचणारीच्या खात्यात, हे आधी लिहून घ्यायचं. आणि गावात दारूचा त्रास वाढला, तर आडव्या बाटलीचा शिक्का आपल्या हातात आहेच. या तिन्ही गोष्टी एकाच बाईने केल्या तर त्यात विसंगती काही नाही.

बोंडू आंबणारच, तो त्याचा धर्म आहे. ते मातीत आंबावं, हातभट्टीवाल्याच्या पिंपात आंबावं की आंबण्याआधीच आपल्या बाटलीत यावं, हे ठरवणं आपल्या हाती आहे. या हंगामात झाडाखाली वाकाल तेव्हा बीबरोबर बोंडांचंही वजन करा, आणि तो आकडा वहीत लिहून ठेवा. गटाच्या पहिल्या बैठकीला एवढी वही पुरते.